परक्या भाषेचे सोनार

इंग्रजी बोलतांना कोणाची चूक झाली कीं ज्यांच्या कपाळावर आठी उमटते, अशा मंडळींत माझी गणना करावयास हरकत नाहीं. 'डिस्कस अबाउट' हें मला अगदीं सोसत नाहीं. चर्चेचा विषय पोटांत सामावून घेण्याची शक्ति 'डिस्कस' ह्या क्रियापदांतच असतां त्याच्या पाठीशीं आणखी 'अबाउट' कशाला? 'रिटर्न बॅक' हाहि त्यांतलाच प्रकार. परत येऊन पुन्हां परत येणें. 'आय अ‍ॅम हॅविंग टू सन्स' असें कोणी म्हणालें म्हणजे तर ते दोन मुलगे आज दुपारपुरतेच आहेत कीं काय, अशी शंका येते! रेन आणि मार्टिन ह्या जोडीचें व्याकरण ज्या घरांत पंचांगाशेजारीं ठेवलेलें असे, त्या घरांत वाढल्यावर कान असे तिखट व्हावेत ह्यांत नवल नाहीं. सोनारानेंच कान टोचावे म्हणतात. परक्या भाषेंत मात्र आपण सगळेच सोनार.

परंतु सगळे दोष एकाच मापानें मोजणें मला रास्त वाटत नाहीं. 'कझिन ब्रदर' घ्या. इंग्रजींत नुसत्या 'कझिन'नें काम भागतें हें खरें; पण त्या शब्दावरून तो भाऊ कीं बहीण हेंहि समजत नाहीं, मग चुलत, मामे, आते, मावस हें तर दूरच राहिलें. ज्या घरांत 'हा माझा चुलतभाऊ' अशी ओळख करून दिली तरी वडीलधाऱ्यांना त्यांत तुटकपणा भासतो, त्या घरच्या मुलानें 'ब्रदर' हा शब्द टाकावा तरी कसा? 'प्रीपोन'चीहि तीच गोष्ट. पुढें ढकलण्यास 'पोस्टपोन' आहे, तर अलीकडे ओढण्यासहि एक शब्द हवाच होता. मुंजीचा मुहूर्त कधीं ना कधीं अलीकडे आणावा लागतोच! आपल्याकडे तो शब्द रूढ झाला आणि ऑक्सफर्डच्या कोशानेंहि त्याला जागा दिली.

आणि खुद्द साहेबाचे नियम तरी कोणीं वेदांतून आणले? वाक्याच्या शेवटीं 'विथ', 'फ्रॉम' असलीं अव्ययें येऊं नयेत, ह्या दंडकाचेंच पाहा. ड्रायडन कवीनें १६७२ सालीं बेन जॉन्सन ह्या नाटककाराच्या लेखनांत हा दोष काढला. जॉन्सन बिचारा १६३७ सालींच निवर्तलेला, उत्तर देणार कोण? आपलें इंग्रजी वाक्य शुद्ध आहे कीं नाहीं अशी शंका आली म्हणजे हा ड्रायडन तें लॅटिनमध्यें उतरवून पाहत असे. १६८४ सालीं तर त्यानें स्वतःच्याच जुन्या निबंधांतलीं तसलीं वाक्यें मोडून नवीं केलीं. एका माणसाच्या आवडीपायीं पुढें किती शाळकरी पोरांनीं छड्या खाल्ल्या असतील!

हें सारें लिहावयास मी बसलों नसतों. पण माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांची नात शिक्षणासाठीं परगांवीं असते. इंग्रजी शाळेंत शिकल्यामुळें मराठी लिहिण्याचा तिला सराव नाहीं, म्हणून ती आजोबांना हौसेनें इंग्रजींत पत्रें लिहीत असे. आजोबा प्रत्येक पत्रांतल्या चुका लाल शाईनें दाखवून तें उलट टपालानें धाडीत. हेतु निर्मळ, अक्षर मोत्यासारखें. कांहीं महिन्यांनीं पत्रें थांबलीं. आतां ती फोन करते, तो आजीला. आजोबा शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसतात, आणि बोलणें संपलें कीं, 'काय म्हणते पोर?' असें विचारतात.