काकूंचं गाणं वेगळं होतं

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. घराआड कुणी ना कुणी 'मराठा' पलटणीत भरती झालेला. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला ग्रामपंचायतीच्या कौलांवर कर्णा बांधायचे आणि त्यातून सकाळपासून 'ऐ मेरे वतन के लोगो' वाजायचं. शेजारच्या काकूंकडे 1971च्या डिसेंबरात तार आली होती. कर्णा सुरू झाला की त्या परसदारी जाऊन घासलेली भांडी पुन्हा राखेनं घासायला घेत. गाणं थांबलं की हात धुऊन, पदर सारखा करून ध्वजवंदनाला येत.

कॉलेजात गेल्यावर मी हे गाणं नीट ऐकलं. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लता मंगेशकरांनी ते पंडित नेहरूंसमोर गायलं, तेव्हा चीन युद्धातला पराभव जेमतेम दोन महिन्यांचा जुना होता. कवी प्रदीपांनी त्यात शत्रूचं नावही घेतलेलं नाही. सुडाची भाषा नाही, विजयाची खोटी ग्वाही नाही. पुणतांब्याचे सी. रामचंद्र म्हणजे 'अलबेला'च्या नाचऱ्या चालींचे संगीतकार. इथं मात्र त्यांनी चाल अशी आवरून धरली आहे की शब्दांना कुठं धक्का लागत नाही. हरलेल्या देशाला रडायची मोकळीक या गाण्यानं दिली. मला त्याचं मोठेपण तिथंच दिसतं.

काकूंना मी एकदा धीर करून विचारलं, हे गाणं आवडत नाही का?

"चांगलंय की रे. पण ते सगळ्यांचं. आमचे हे रजेवर आले की उंबऱ्यात बसून दाढी करताना 'घनश्याम सुंदरा' म्हणायचे. आवाज फाटका, पण कडवं चुकायचे नाहीत."

सकाळी रेडिओवर ती भूपाळी लागली की काकू चुलीपुढून उठून आवाज मोठा करायच्या. गेलेला माणूस त्यांना तिथं भेटत होता, गालाला साबण लावलेला, जिवंत. देशाच्या गाण्यात तो हुतात्मा होता. त्या हुतात्म्याला काकू ओळखत नव्हत्या.

2022 साली प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी प्रार्थना वगळून त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' आलं. दोन्ही राहायला हवी होती, शोकाला एकच सूर पुरत नाही. त्यानंतर आठच दिवसांनी, 6 फेब्रुवारीला, लताबाई गेल्या आणि दिवसभर घरोघरी तेच गाणं वाजत राहिलं. काकू तेव्हा हयात नव्हत्या.

या गाण्याची रॉयल्टी प्रदीपांनी युद्धविधवांसाठी देऊ केली होती. ती पोचावी म्हणून 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला: ध्वनिमुद्रिका कंपनीनं 10 लाख रुपये द्यावेत.

तुमच्या गावातही असं एखादं घर असेल. येत्या 26 जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की तिथं जा, थोडा वेळ बसा. त्या माणसाच्या शौर्याबद्दल सगळेच विचारतात. तो काय गुणगुणायचा, ते तुम्ही विचारा.