घाट उतरण्याआधी

कुठल्याही नव्या मुलखाचा नकाशा हातात आला की मी आधी गावं शोधत नाही. डोंगराची रांग कुठून कुठे जाते, समुद्र तिच्यापासून किती लांब आहे आणि पाणी कोणत्या अंगाला उतरतं, एवढं कळलं की मग गावांची नावं वाचते. सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा पसरलेला आहे. येत्या फेब्रुवारीत मी आणि नवरा तिथे भाड्याची गाडी घेऊन डोंगर आणि किनारा फिरणार आहोत. जेवायला बसताना नकाशा अर्धा दुमडायचा आणि ताटं उचलली की पुन्हा उलगडायचा, असं गेले कित्येक आठवडे चाललं आहे.

नकाशा असा वाचायची सवय मला लागली अलोऱ्यात. बाबा कोयना प्रकल्पात नोकरीला होते आणि आम्ही प्रकल्पाच्या वसाहतीत राहायचो. घराच्या मागे सह्याद्री उभा. पावसाळ्यात तो चार महिने दिसायचाच नाही, फक्त त्याच्या अंगावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज यायचा. आजीचं घर मात्र माण तालुक्यात, दहिवडीजवळ. शाळेला जोडून सुट्टी मिळाली की आई आम्हाला घेऊन एसटीने निघायची. पोफळी मागे टाकून गाडी कुंभार्ली घाटाला लागली की इंजिनाचा सूर बदलायचा, कंडक्टर तिकिटांचा हिशेब थांबवून दांडा धरून बसायचा, आणि ज्यांना गाडी लागते ती मंडळी हातात लिंबू घेऊन खिडकीकडे सरकायची.

त्या प्रवासातली आईची काळी छत्री मला अजून स्पष्ट दिसते. अलोऱ्याच्या थांब्यावर मिटताना ती टपटप गळत असायची, म्हणून आई ती सीटखाली आडवी ठेवायची. घाट चढून हेळवाकला चहाला उतरलो तरी पाऊस असायचाच, उलट खालच्यापेक्षा गार. पाटण गेलं की त्याची झिमझिम व्हायची. कऱ्हाडला नुसतं आभाळ भरलेलं. वडूजच्या पुढे गाडीमागे धूळ उडू लागायची, आणि दुपार कलताना आजीच्या गावाच्या फाट्यावर उतरलो की आई तीच छत्री आमच्या डोक्यावर उन्हासाठी धरायची. कापड तोवर खडखडीत वाळलेलं असायचं. आजी दारातच विचारायची, "तुमच्याकडं पडतोय का?" पडतोय म्हटलं की म्हणायची, "आमच्याकडं ढग येत्यात, थांबत न्हाईत."

ढग का थांबत नाहीत, ते बाबांनी समजावलं. समुद्रावरचा दमट वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, चढताना गार होतो आणि असेल नसेल ते पाणी तिथेच ओतून मोकळा होतो. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहिवडीकडे जेमतेम पाचशे. मग त्यांनी घराजवळचीच गोष्ट सांगितली. कोयना नदी मुळात पूर्वेला वाहते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिचं पाणी धरणात अडवून, डोंगरातून बोगदा काढून, पोफळीच्या भूमिगत वीजघरात पाडलं, म्हणजे ते पश्चिमेला आलं. तिथून वाशिष्ठीत आणि अरबी समुद्रात. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. मी विचारलं, "म्हणजे आजीच्या बाजूचं पाणी तुम्ही समुद्राला सोडता?" बाबा म्हणाले, "त्या पाण्यावर गिरण्या चालतात, घराघरात दिवे लागतात." थोड्या वेळाने म्हणाले, "पण तू विचारलंस ते बरोबर आहे." याहून सरळ उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

पुढे पुण्यात आलो, गाडी घेतली, आणि ताम्हिणी, वरंधा, आंबोली असे घाट स्वतः चालवत उतरले. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, वळणावर हॉर्न द्यायचा आणि समोरच्याचा ऐकायचा. हे नियम माझ्या अंगवळणी पडले. हिमाचलही पाहिला. पण डोंगर आणि समुद्र एकाच दिवसात भेटावेत ही ओढ हिमालयात भागत नाही. ती कोकणातल्या माणसाची ओढ आहे आणि तिनेच मला दक्षिण बेटापर्यंत आणलं.

कारण ते बेट म्हणजे आमचाच नकाशा, कितीतरी उंच केलेला. पश्चिमेला टास्मान समुद्र आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावणारी सदर्न आल्प्सची रांग. तिचं सर्वोच्च शिखर आओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर. कळसूबाई आहे १,६४६. वारा इथल्यासारखाच पश्चिमेकडून येतो, फक्त चार महिन्यांनी थांबत नाही, वर्षभर येत राहतो. त्यामुळे मिलफर्ड साउंडला वर्षाला जवळपास सात हजार मिलिमीटर पाऊस, आपल्या आंबोलीची बरोबरी करणारा. आणि तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नसलेल्या अलेक्झांड्रा गावात साडेतीनशेच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला आजीचं अंगण आठवलं. अलेक्झांड्राच्या आसपास चेरी, जर्दाळू आणि द्राक्षांच्या बागा आहेत, आणि त्यांना पाणी पाजावं लागतं.

सहलीची आखणी करताना बहुतेक लोक प्रसिद्ध ठिकाणांची यादी करतात आणि ती एका ओळीत बसवतात. मला ती पद्धत पटत नाही. जिथे डोंगर पाऊस अडवतो तिथे प्रवासही डोंगरच ठरवतो. म्हणून आम्ही आधी खिंडी पाहिल्या. आल्प्सची मुख्य रांग ओलांडून पश्चिम किनाऱ्याला जाणारे मोटारीचे रस्ते तीनच आहेत: दक्षिणेकडे हास्ट पास ५६२ मीटरवर, मध्ये आर्थर्स पास ९२० मीटरवर आणि उत्तरेकडे लुईस पास ८६४ मीटरवर. हास्टचा रस्ता १९६० साली किनाऱ्यापर्यंत पोचला आणि किनाऱ्याच्या बाजूने उत्तरेला जोडणारा तुकडा १९६५ मध्ये खुला झाला. त्याच्या आधी बेटाला असा वळसा गाडीने घालताच येत नव्हता. माणसं मात्र फार पूर्वीपासून या खिंडी ओलांडत होती. किनाऱ्यावरच्या अराहुरा नदीत सापडणारा हिरवा पोउनामू दगड माओरी लोक पाठीवर घेऊन पूर्वेला नेत. आमच्या घाटांतूनही मीठ आणि सुकी मासळी वर जायची आणि धान्य, गूळ खाली यायचा. डोंगराच्या दोन अंगांना वेगळं पिकतं, म्हणूनच मध्ये वाट पडते.

दिशाही याच विचाराने ठरली. क्राइस्टचर्चहून निघून आधी दक्षिणेला, टेकापो तलाव आणि आओराकीच्या पायथ्याशी, मग लिंडिस पास ओलांडून वानाका, क्वीन्सटाउन, ते आनाऊ. तिथून परत वानाकाला येऊन हास्टमार्गे किनाऱ्यावर उतरायचं आणि उत्तरेला जायचं. तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे थांबावंसं वाटलं की समोरच्या गाड्यांना आडवं न जाता बाजूला घेता येतं. गोव्याहून रेवसपर्यंत सागरी रस्त्याने येताना हे सुख मी अनुभवलं आहे. उलट दिशेने गेलं तर तोच समुद्र पलीकडच्या गाड्यांच्या वरून बघावा लागतो.

आणि वेळ. फोन सांगतो की ते आनाऊपासून मिलफर्ड साउंड साधारण १२० किलोमीटर, दोन तास. कुंभार्ली चढलेल्या माणसाने या दोन तासांवर विश्वास ठेवू नये. पेट्रोल ते आनाऊलाच भरून घ्यायचं. वाटेत होमर बोगदा लागतो. काम १९३५ मध्ये सुरू झालं, मंदीच्या काळात, कुदळ-फावडी आणि ढकलगाड्या घेऊन. हिमलोटांनी माणसं मेली, मध्ये युद्ध आलं, आणि बोगदा खुला झाला १९५४ मध्ये. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि तो सपाट नाही, मिलफर्डच्या बाजूला दहाला एक अशा उताराने खाली जातो. उन्हाळ्याच्या गर्दीत सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. थांबलेल्या गाड्यांभोवती किया नावाचे पहाडी पोपट येतात आणि खिडक्यांचं रबर चोचीने उपसतात. त्या दिवशी दुसरं काहीही करायचं नाही, असं नवऱ्याने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. तिथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तो पुरवून वापरायचा.

एकेरी पुलांचा नियमही आम्ही समजून घेतला. पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा, एक लहान. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचं. घाटात हे आपण समोरच्याकडे बघून ठरवतो. तिथे ते पाटी ठरवते आणि लोक पाळतात.

किनाऱ्यावर मी एक दिवस मोकळा ठेवला आहे, आणि त्यासाठी घरात वाद घातला. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्या समुद्रापासून जवळ, दाट पावसाळी जंगलात उतरतात. आता त्या इतक्या मागे सरल्या आहेत की दरीतून चालत बर्फावर जाता येत नाही, हेलिकॉप्टर लागतं. जगाचं तापमान वाढतं म्हणजे काय, ते इथे एका माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना दिसतं. मार्च २०१९ मध्ये तिथे पावसाने थैमान घातलं आणि फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल वाहून गेला. किनाऱ्याचा एकच रस्ता, तो काही आठवडे तुटला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह गेला, ती रात्र कोकणातलं कोणीही विसरलेलं नाही. अशा मुलखात परतीच्या विमानाला घासून किनारा आखणं म्हणजे पावसाला गृहीत धरणं. तो मोकळा दिवस होकिटिकाला राखून ठेवला आहे. पाऊस झाला तर खोलीत बसून तो बघू. आम्हाला पाऊस बघता येतो.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते येणार नाहीत, पण आखणीत त्यांचा हात आहे. गेल्या रविवारी त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा मागितला, त्याचं टोक वानाकावर अंगठ्याने दाबून धरलं आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर नखाने बसवत हास्टपर्यंत नेला. मग दोरा ताणून नकाशाच्या मापपट्टीवर ठेवला. लहानपणी जिल्ह्याच्या नकाशावर त्यांनी मला हेच शिकवलं होतं. दोऱ्याने सांगितलेलं अंतर फोनच्या अंतराच्या जवळ आलं, आणि ते समाधानाने मान हलवत म्हणाले, "आता याला वळणांचा वेळ जोड."

मग त्यांनी विचारलं, "तिथे वीज कशावर करतात?" मी मानापौरीचं सांगितलं. ते आनाऊच्या दक्षिणेला मानापौरी तलाव आहे. त्याचं पाणी मुळात वाइआऊ नदीतून दक्षिणेच्या समुद्राला जायचं. १९६० च्या दशकात डोंगराच्या पोटात वीजघर खोदलं, तलावाचं पाणी खाली पाडलं आणि सुमारे दहा किलोमीटरच्या बोगद्यातून पश्चिमेला डाउटफुल साउंडच्या खाडीत सोडलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे पोफळीच की!" म्हणाले. वीज मुख्यतः ब्लफजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला जाते. त्यासाठी तलावाची पातळी खूप वाढवायची योजना होती. काठची जंगलं बुडाली असती. लोकांनी विरोध केला आणि १९७० मध्ये अडीच लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येतल्या जवळपास दर दहा माणसांमागे एकाची सही. तलाव होता त्या पातळीत राहिला, वीजघरही चालू राहिलं. बाबांनी बराच वेळ त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं होतं. "आमच्या इथे गावं गेली," ते म्हणाले. "सह्या कोणी मागितल्या नव्हत्या."

मूळ आखणीत डाउटफुल साउंड नव्हतं. ते आता घातलं आहे. मानापौरी तलाव बोटीने ओलांडायचा, मग बसने विल्मट पास चढून पलीकडे डीप कोव्हला उतरायचं. बाकीच्या रस्त्यांशी न जोडलेला हा रस्ता वीजघराच्या कामासाठीच बांधला होता. बोगद्यातून आलेलं पाणी खाडीत जिथे मिसळतं ती जागा बघून फोटो आणायचा, ही बाबांची एकमेव मागणी आहे. त्यासाठी क्वीन्सटाउनचा एक दिवस कापला. तिथल्या साहसी खेळांत आम्हा दोघांनाही रस नव्हता.

परतीचा रस्ता तेवढा ठरायचा होता. नवऱ्याचा कल लुईस पासकडे होता, कारण तो सौम्य आहे आणि वाटेत हॅनमरची गरम पाण्याची कुंडं आहेत. माझं मत आर्थर्स पासला. तिथे ओटिराजवळ दगड कोसळणाऱ्या उतारावरचा वळणांचा जुना रस्ता सोडून १९९९ मध्ये दरीवरून उंच पूल नेला, आणि डोंगराखालून १९२३ साली पूर्ण झालेला साडेआठ किलोमीटरचा रेल्वेचा बोगदा जातो. पूर्वेला उतरताना काही मैलांत ओलं रान संपून पिवळं गवत सुरू होतं, असं वाचलं आहे. काल रात्री आर्थर्स पास नक्की केला. गाडी मी चालवणार आहे.