लिटरमागे 20 मिली

कामशेतच्या खिंडीत चार-पाच चेतक एकामागोमाग लागल्या, की मागच्याला पुढचा दिसायचा नाही, इतका निळा धूर. आकुर्डीत बनणाऱ्या त्या स्कूटरला ऑईलची वेगळी सोय नव्हती. पेट्रोलच क्रँककेसमधून जायचं, म्हणून बेअरिंगला आणि पिस्टनला लागणारं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. लिटरमागे 20 मिली.

त्यासाठी जुन्या मुंबई-पुणे हायवेवरच्या पंपांवर टू-टी ऑईलचा हातपंप उभा असे. खाली टाकी, वर खुणा असलेलं काचेचं नळकांडं, बाजूला कायम चिकट असलेला दांडा. दांडा ओढला की खालच्या झडपेतली गोळी उचलली जाऊन ऑईल आत येई. दाबला की तीच गोळी घट्ट बसे आणि ऑईलला वर काचेत चढण्यावाचून गत्यंतर नसे. खरी करामत मात्र चावीत होती. एकीकडे फिरवली तर काच पंपाला जोडलेली, दुसरीकडे फिरवली तर नळीला. दोन्ही वाटा एकदम कधीच उघड्या नाहीत. त्यामुळे खुणेपर्यंत चढलं तेवढंच टाकीत उतरणार, मग पंपवाल्याचा हात जड असो की हलका.

एवढं चोख माप, आणि आम्हीच म्हणायचो, "दादा, पुढं घाट आहे, थोडं जास्त सोडा." इंजिन जाम होण्याची धास्ती. मग प्लगवर काजळी, ऐन चढावर स्कूटर बंद, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासणं. ऑईल नीट मिसळावं म्हणून स्कूटर गदागदा हलवायची, तो सोहळा वेगळाच. हे सगळं रम्य होतं असं काही मला म्हणवत नाही. शर्टाला येणारा तो वास आजही नको वाटतो.

2002 साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्याचे बोगदे कामशेतच्या डोंगरातून गेले. तिथं दुचाकीला बंदी, म्हणून स्कूटरवाले जुन्याच रस्त्यावर राहिले. पण स्कूटरी फोर-स्ट्रोक झाल्या, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणं थांबलं आणि हातपंपांचं काम संपलं. आताच्या नव्या चेतकला तर चार्जर लागतो.

आता रांगा सीएनजीच्या. दाब 200 बारच्या आसपास, म्हणून सगळ्यांनी गाडीतून उतरायचं. मोजमाप डिस्पेन्सरच्या पोटात: वायू वाहू लागला की आतल्या थरथरत्या नळीला किंचित पीळ पडतो, त्यावरून वजन निघतं आणि किलोचा आकडा समोर येतो. पण भरणाऱ्या पोराच्या हातातली चावी नीट बघा. एकीकडे फिरवली की गॅस गाडीत. उलटी फिरवली की पुरवठा बंद आणि नोझलपाशी अडकलेला गॅस फुस्सकन बाहेर, तेव्हा कुठे नोझल निघतं. तीन वाटांची, जुन्या पंपावरच्याच जातीची चावी.

आणि गिऱ्हाईकही त्याच जातीचं. फक्त आता ते आधी विचारतं, "भाऊ, आज प्रेशर आहे का?" कारण प्रेशर कमी असलं की सिलिंडर पुरता भरत नाही, आणि त्या पोराला कितीही दादा-भाऊ केलं तरी त्याच्या हातात काही नसतं.