वाजवणाऱ्याचा दम

वरात हिंदूंची असो वा मुसलमानांची, आमच्या सोलापुरात नागीनची धून वाजल्याशिवाय ती पुढं सरकत नाही. कुणीतरी रुमालाची पुंगी करून गुडघ्यावर बसतो, दुसरा भर रस्त्यात लोळतो. पण ही धून मुळात पुंगीवर वाजलीच नव्हती, हे किती जणांना ठाऊक आहे?

‘नागीन’ १९५४ सालचा, संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली बीन कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली. हार्मोनियमवर रवी होते. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली तयार केलेलं विजेवरचं वाद्य. त्यातून एका वेळी एकच सूर निघे, पण त्या सुराला कंप देता येई. गुडघ्याने दांडी दाबली की आवाज लहानमोठा होई. सिंथेसायझरचा हा थोरला भाऊच. पुढे खरे गारुडीसुद्धा पुंगीवर हीच धून वाजवू लागले.

या विजेच्या सुरांवरून आमच्या घरात दोन तट होते. आमचे चाचा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. नव्वदच्या सुमारास बँडच्या गाड्यावर कीबोर्ड चढला आणि चौघांचं काम एकटा करू लागला. चाचांची रोजी गेली. “मशीनकू दम कहाँ रहता? दम तो छाती में रहता,” असं ते म्हणत. त्यांना सर्वात जास्त बक्षिशी मात्र नागीनवरच मिळालेली! आम्ही पोरं कॅसेटवरच्या त्या नव्या आवाजाने वेडी झालो होतो. दूरच्या मुलुखातून कुणी हाक मारावी तसा तो आवाज वाटे. आमचं वेड खरं होतं, चाचांची भूकही खरी होती.

पेटीवर एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही, हा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदीच घातली होती. पेटीला न जमलेली ही मींड यंत्राला जमली. हिंदी सिनेमातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. ललित, तोडी, यमन, मालकंस. त्यातलं टीबी-३०३ हे खर्जाचे सूर देणारं छोटंसं यंत्र सूर कसे घसरत नेतं, ते ऐकण्यासारखं आहे. रेकॉर्ड फारशी खपली नाही. त्याच यंत्रावर शिकागोच्या पोरांनी १९८७ साली नवं नृत्यसंगीत गाजवलं. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने मागे वळून पाहिलं. २०१५ साली ते मुंबईत वारले.

सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. हातमाग गेले, यंत्रमाग आले, कितीतरी हात रिकामे झाले. तरी यंत्रमागावर बसणाऱ्यालाही हुनर लागलंच. चादरीवर विणकराचं नाव नसतं, तसं बीनवर कल्याणजींचं नाव कुणी घेत नाही.

चाचांचं म्हणणं आम्हाला आजही पटतं. यंत्राला दम नसतो, वाजवणाऱ्याने तो भरायचा असतो. कल्याणजींनी भरला, चरणजित सिंगांनी भरला. आता जुळे सोलापूरच्या कार्यालयांपुढे पेनड्राइव्ह वाजतो. तिथे छाती नाही आणि बोटंही नाहीत. जुने दिवस परत येणार नाहीत, आम्ही ते मागतही नाही. ही बीन कुणाच्या बोटांतून आली, एवढं तरी नाचणाऱ्या पोरांना कुणी सांगावं.