डॉक्टर, नोकरी सोडू का?

वाहन कारखान्यांच्या पट्ट्यात प्रॅक्टिस असल्याने माझे बरेच पेशंट लाईनवर काम करणारे आहेत. अ‍ॅसिडिटी, कंबरदुखी, झोप न लागणे हे सगळे सांगून झाले की काही जण हळूच विचारतात, "डॉक्टर, नोकरी सोडू का?"

प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात 1913 साली चालती असेंब्ली लाईन आली आणि माणसे टिकेनात. सुमारे 14,000 जागा भरलेल्या ठेवण्यासाठी त्या एका वर्षात 52,000 हून अधिक माणसे घ्यावी लागली. जानेवारी 1914 मध्ये कंपनीने रोजची कमाई जवळपास दुप्पट, म्हणजे पाच डॉलर केली, कामाचे तास नऊवरून आठ केले, आणि गळती झपाट्याने घटली. काम मात्र तेच राहिले.

मग माणूस टिकतो कशामुळे? मेयर आणि अ‍ॅलन या संशोधकांनी 1991 मध्ये तीन कारणे मांडली: कामात मन रमते म्हणून, सोडणे परवडत नाही म्हणून, किंवा सोडणे योग्य वाटत नाही म्हणून. हजेरीपटावर तिघेही सारखेच दिसतात. माझ्या दवाखान्यात जास्त येतात ते दुसरे. घराचा हप्ता आणि मुलांची फी त्यांना थांबवते, पण मन केव्हाच गेटबाहेर पडलेले असते.

सततच्या ताणातून शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाबद्दल कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे. त्यामुळे त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

पण थकवा रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा नैराश्यामुळेही येतो. म्हणून स्वतःला विचारा: चार दिवस सुट्टीत बरे वाटते का? वाटत असेल तर आधी शिफ्ट किंवा कामाची जागा बदलून मिळते का, ते पाहा. सुट्टीतही बरे वाटत नसेल तर तपासण्या करून घ्या. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

राजीनाम्याचा निर्णय तुमचाच. फक्त रात्रपाळीहून आल्या आल्या तो लिहू नका. आधी झोपा.