कळते, पण वळत नाही

आम्ही सिगरेट ओढायला शिकलो ते शवविच्छेदनगृहाच्या दारात. पहिल्या वर्षी फॉर्मॅलिनचा वास बोटांना, डब्यातल्या पोळीला, उशीच्या अभ्र्यालाही चिकटून राही. त्यावर उतारा म्हणून एका वरिष्ठाने सिगरेट पुढे केली. फाटकाबाहेरच्या टपरीवर ती सुटी मिळे. तीन कटिंग चहा आणि तिघांत एक सिगरेट. वासाचे निमित्त वर्षभरात संपले, सवय तेवढी उरली. मग निमित्ते बदलत गेली : तोंडी परीक्षा, रात्रपाळी, वॉर्डात पाहिलेला पहिला मृत्यू.

अज्ञानाची सबब आम्हाला नव्हती. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली दाखवला. त्या अभ्यासादरम्यान डॉल यांनी स्वतःची सिगरेट सोडली. १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली आणि त्यांच्या सवयींची व मृत्यूंची नोंद पुढे पन्नास वर्षे ठेवली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आयुष्यभर ओढणाऱ्याची सरासरी सुमारे १० वर्षे जातात. पन्नाशीला सोडली तर त्यातली सुमारे ६ वाचतात, तिशीला सोडली तर जवळजवळ सगळीच. त्या नोंदवहीतले मृत आमचेच व्यवसायबंधू होते.

रुग्णाचा इतिहास लिहिताना एक गुणाकार करावा लागतो : रोज किती, आणि किती वर्षे. छातीच्या वॉर्डात एका म्हाताऱ्याला आम्ही तो प्रश्न विचारला. "बाबा, रोज किती विड्या ओढता?" धाप आवरत तो म्हणाला, "तुमच्यापेक्षा थोड्या जास्त, डॉक्टरसाहेब." नाडी धरलेल्या आमच्या बोटांचा वास त्याला आला होता. घरी जाताना त्याने बोली केली, "तुम्ही सोडा, मीही सोडतो." आम्ही हसलो. पावसाळ्यात तो परत आला, नाकाला प्राणवायूची नळी लावूनच. या खेपेस त्याने आम्हाला काही विचारले नाही.

'कळते पण वळत नाही' असे आपल्याकडे म्हणतात. कळणे आणि वळणे यांत निकोटिन उभे असते, हे शरीरशास्त्र आम्हाला पाठ होते. परंतु त्या माणसाच्या बाबतीत ती सबबही तोकडी पडते. त्याने आमच्याकडे उपदेश मागितला नव्हता, सोबत मागितली होती. आमच्यापैकी काहींनी पुढे सिगरेट सोडली, काहींनी नाही. सोडणाऱ्यांनाही ती त्या पावसाळ्याच्या आधी सुटली नाही. त्याच्या केसपेपरवर आम्ही त्याचा गुणाकार बिनचूक मांडला. आमचा मांडण्यासाठी त्यावर रकाना नव्हता.