कॉन्कर्डची कृष्णवर्णीयांची गिरणी

अमेरिकेच्या दक्षिण भागात, नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शार्लट शहरापासून जवळच कॉन्कर्ड गाव आहे. नातेवाइकांकडे गेलो असता आम्ही मुद्दाम तेथे गेलो. गावातला एक मोठा रस्ता वॉरन कोलमन यांच्या नावाचा आहे. लाल विटांची त्यांची गिरणी पाहताना आम्हाला आपले गिरणगाव आठवले.

कोलमन यांचा जन्म 1849 साली गुलामगिरीत झाला. गुलामगिरी संपल्यावर त्यांनी दुकान काढले, घरे बांधून भाड्याने दिली आणि ते श्रीमंत झाले. परंतु त्यांच्या समाजबांधवांना गिरणीत साच्यावर किंवा चात्यांवर कोणी उभे करीत नसे. त्यांच्या वाट्याला झाडलोट, कापसाच्या गाठी उचलणे अशीच कामे. शेजारच्या साउथ कॅरोलिनाने तर 1915 साली दोन्ही वर्णांच्या कामगारांनी एका खोलीत काम करू नये, असा कायदाच केला!

आपल्याकडे वेगळे काय होते? मुंबईत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या भीतीने अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत आणि जास्त पगार तेथेच मिळे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला.

कोलमन यांनी 1897 साली स्वतःचीच कंपनी काढली. समाजातल्या लोकांना भाग विकले. तेवढ्याने भागेना, म्हणून तंबाखूचे गोरे कारखानदार वॉशिंग्टन ड्यूक यांचे कर्ज घेतले. गिरणी सुरू झाली, कृष्णवर्णीय हात यंत्रे चालवू लागले. मात्र कर्ज फिटले नाही. 1904 साली कोलमन वारले आणि गिरणी समाजाच्या हातून गेली. पुढे ती कॅनन या बड्या कंपनीकडे आली.

दक्षिणेतल्या गिरण्यांची दारे कृष्णवर्णीयांना खऱ्या अर्थाने उघडली ती 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर. स्त्रियाही साच्यांवर आल्या. पण सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. कॅननचा वारसा चालवणारी पिलोटेक्स कंपनी 2003 साली बंद पडली. हजारो कामगार एकाच दिवशी घरी बसले. 1982 च्या संपानंतर आपल्या घरांत काय झाले, ते वाचकांना सांगायला नको.

परतताना आमच्या मनात एकच विचार होता. कोलमन यांची गिरणी बुडाली, म्हणून त्यांची धडपड वाया गेली काय? नाही. आमच्या लोकांना यंत्र चालवता येत नाही, हे खोटे त्यांनी त्या इमारतीत कायमचे उघडे पाडले. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.